मी दोनाचे तीन केले

उल्का दिसून विझायला अनेकदा एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात ती किती तेजस्वी होती ते बघायचं, कुठून कुठे गेली ते लक्षात ठेवायचं आणि तिचा वेग ठरवायचा. वेगासाठी आमच्या नोंदवहीत शून्य ते पाच असे आकडे असतात. जागच्या जागी चमकून विझली तर शून्य, सावकाश सरकली तर एक किंवा दोन, मध्यम वाटली तर तीन, झपकन गेली तर चार, आणि ‘ती बघ’ म्हणायच्या आत नाहीशी झाली तर पाच. उल्का कुठल्या उल्कावर्षावातली हे ठरवायच्या आधी हा आकडा लिहायचा असतो. आधी ठरवलं की डोळे मनासारखं बघायला लागतात. हे मी गेली बारा वर्षं नव्या माणसांना दरडावून सांगत आलोय. दरडावणं हा माझा स्वभावच आहे.

मी सोलापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते, सगळ्यांचे मामा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, कुंभारीचे, घरची पिढीजात मेंढरं. नोकरी लागली तरी त्यांनी पंधरा-वीस मेंढ्या ठेवल्या होत्या. दिवसभर मामी राखायच्या आणि रविवारी मामा स्वतः घेऊन जायचे. रिटायर झाल्यावर मेंढरांमागंच फिरायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. प्रयोगशाळेत बसून ते त्याबद्दल इतक्या आनंदानं बोलायचे की जणू बदलीच व्हायची आहे आणि तीही मागून घेतलेली.

प्रयोगशाळेतली एक रीत आधी सांगायला हवी, कारण माझी चूक तिथूनच आली. लंबकाचा प्रयोग असला की उत्तर काय यायला हवं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मुलं आधी उत्तर बघतात आणि मग त्याला जुळेल असं रीडिंग लिहितात. ज्या बिचाऱ्यानं खरंच घड्याळ लावून मोजलेलं असतं त्याचंच उत्तर भलतं येतं. मग जर्नल माझ्याकडे येतं, मी लाल पेनानं त्याचं रीडिंग खोडून वर बरोबर आकडा लिहितो आणि सही ठोकतो. परीक्षेच्या दिवशी मामाही हळूच मुलांच्या टेबलाशी जाऊन ‘चाळीस सेकंदाच्या वर लिव्ह’ असं कुजबुजायचे. यात काही गैर आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही. सरांचं लाल पेन म्हणजे शेवटचा शब्द, एवढंच मामा तीस वर्षांत शिकले होते.

उल्का बघायला मला अंधारी जागा हवी होती. शहरातल्या दिव्यांपुढे आभाळाचं काही चालत नाही. मामांनी कुंभारीच्या पलीकडचं भावाचं रान दाखवलं आणि सोबत म्हणून स्वतःही आले. पहिल्या रात्री ते घोंगड्यावर आडवे पडून नुसते बघत होते. मी उल्कांचे वेग मोठ्यानं सांगत होतो, आणि माझ्या आकड्यानंतर ते तोंडातल्या तोंडात आपला आकडा म्हणायचे. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की माझ्यापेक्षा त्यांचेच आकडे ठाम आहेत. मी तीन की चार करत बसायचो, ते एकदाच बोलायचे.

कसं ठरवता, असं विचारलं तर म्हणाले, “विझली न्हाय असं धरायचं. एक दम घेईपतोर कुटं गेली आस्ती, तेवढं बगायचं.”

“हे कुणी शिकवलं?”

“शिकवतंय कोण! अक्कलकोट रोडला मेंढरं पल्याड काढायची आस्त्यात की. ट्रक किती लांब हाय ह्ये बगून भागत न्हाय, सर. शेवटची मेंढी पल्याड जाईपतोर त्यो कुटं आसंल त्ये बगाय लागतंय. मेंढरू मधीच फिरलं तर खेळ खलास.”

लांब हात करून मूठ धरली की आभाळात दहा अंश होतात आणि अमुक ताऱ्यापासून तमुक ताऱ्यापर्यंत इतके अंश, असलं सगळं मी पुस्तकातून शिकलो होतो. मामांनी तेच रस्त्याच्या कडेला उभं राहून कमावलं होतं, आणि त्यात एकदाही चूक होऊन चालणार नव्हतं. मला ही गोष्ट फार आवडली. अकरावीच्या वर्गात वेग शिकवताना मी ती दर वर्षी सांगायला लागलो. फक्त ‘माझ्या असं लक्षात आलं’ अशी सुरुवात करून. मामा तेव्हा शेजारच्या खोलीत बीकर धूत असायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला आम्ही चौघं रानात गेलो. मी, मामा, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आणि होटगीचे एक निवृत्त रेल्वेवाले. आमच्या नोंदी पुण्याच्या एका बाईंकडे जायच्या. त्या ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून पुढे पाठवतात. प्रत्येकानं आपापला कागद स्वतः भरायचा आणि एकमेकांचं ऐकायचं नाही असा त्यांचा कडक नियम. मामा पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा कागद भरणार होते. त्यांनी घरून पेन्सिलीला दोरा बांधून आणला होता आणि तो दोरा शर्टाच्या बटणाला अडकवला होता. कागदावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं तेव्हा त्यांनी ते टॉर्चच्या लाल उजेडात दोनदा वाचलं.

मामा पूर्वेकडे पाय करून पडले. मिथुन रास तिकडून वर येत होती. मी पश्चिमेकडे तोंड केलं. थंडी मरणाची होती पण उल्का छान पडत होत्या. मला लांब, आडव्या जाणाऱ्या उल्का दिसत होत्या आणि मी तीन, तीन, चार, तीन असं लिहीत होतो.

एकच्या सुमाराला चहासाठी थांबलो. सवयीप्रमाणे मी मामांचा कागद हातात घेतला. नियमाप्रमाणे तो बघायचा नव्हता, पण मास्तराला दुसऱ्याचा कागद दिसला की हात शिवशिवतोच. कागदावर दोन, दोन, एक, दोन, तीन, दोन, एक असं होतं. पानभर.

“मामा, डुलकी लागली होती काय?” मी म्हणालो. रेल्वेवाले हसले.

“न्हाय, सर. जागाच हाय की.”

“मग हे काय? मिथुनेतल्या उल्का मध्यम वेगाच्या असतात. तीन. सगळ्या पुस्तकांत आहे. हे दोन आणि एक कुठून आणलेत?”

“मला तर सावकाशच दिसल्या.”

“दिसल्या असतील. तुम्हाला दिसलं म्हणजे बरोबर असं कुठंय?”

बँकेतल्या बाई चहा ओतता ओतता थांबल्या. मला ते दिसलं आणि त्यामुळे मी आवाज आणखी चढवला. चारचौघांत एकदा बोलून गेलं की मला माघार घेता येत नाही. मामांनी कागद परत घेतला, नीट घडी घातली, पुन्हा उघडला. चहानंतर आम्ही परत आडवे झालो आणि थोड्या वेळानं त्यांचा हलका आवाज आला, “सर, डोळं गेलं आसंल का माजं?”

“वय झालं, मामा. तपासून घ्या,” मी म्हणालो आणि कूस बदलली. पहाटेपर्यंत त्यांनी प्रत्येक उल्केला तीन लिहिलं.

पुण्याला पाठवायचे सगळ्यांचे कागद माझ्याकडे जमा झाले होते. रविवारी दुपारी घरी बसून मी त्यांतलं मामांचं पहिलं पान काढलं. लख्ख उजेड होता, पोट भरलेलं होतं, कसलीही घाई नव्हती. लाल पेन घेऊन मी एकेका दोनाचे तीन केले आणि एकाचेही तीन केले. एकोणीस ठिकाणी. मग ते आकडे स्वच्छ अक्षरात नव्या कागदावर उतरवले, वर मामांचं नाव घातलं आणि पाठवून दिले. आपण मामांवर उपकार करतोय असंच मला तेव्हा वाटत होतं. त्यांचा पहिला कागद चुकीचा जायला नको. उंटावरचा शहाणा यापेक्षा वेगळं काय करतो!

जानेवारीत मामा नेत्रतपासणीच्या शिबिराला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी काचसामान पुसता पुसता त्यांनी मला सगळं सांगितलं.

“डॉक्टर म्हंतोय लांबचं झ्याक हाय. जवळचा चष्मा दिलाय निस्ता.”

“मग चांगलंच आहे की.”

“त्यो पाटीवरची अक्षरं दावतोय, सर. हालतंय त्ये कुटं दावतोय? पाटी काय पळती व्हय?” मग जरा थांबून म्हणाले, “पुस्तकात चुकीचं कसं आसंल.”

ते डॉक्टरांपेक्षा माझं खरं मानत होते. मला त्यात थोडा अभिमानही वाटला. हे लिहिताना कान गरम झालेत, पण वाटला होता, म्हणून लिहितोय.

फेब्रुवारीत पुण्याच्या बाईंचं ई-मेलवर पत्र आलं. अतिशय सौम्य भाषेत त्यांनी विचारलं होतं की तुमच्या गटातले हे एक निरीक्षक सुरुवातीचे तीन तास मिथुनेकडेच बघत होते, मग त्यांच्या सगळ्या उल्कांचा वेग सारखा कसा? राशीजवळच्या उल्का सावकाश दिसायला हव्यात. आधी वर्षाव ठरवून मग वेग लिहिला गेला असावा असं वाटतं. मूळ कागद पाठवता का?

मी पत्र वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिलो. वर्षावातल्या उल्का आभाळातल्या एका ठिकाणाहून येताना दिसतात. त्या ठिकाणाजवळ दिसणारी उल्का जवळजवळ आपल्याच दिशेनं येत असते, म्हणून ती आखूड आणि संथ दिसते. तीच लांबवर आडवी गेली की लांब आणि वेगवान दिसते. होटगीच्या फलाटावर उभं राहून रुळांकडे बघितलं तर समोरून येणारी गाडी किती वेळ जागची हलत नाही, आणि मग शेजारून जाताना कशी सुटते, तसंच. हे मी अकरावीला शिकवतो. फळ्यावर बाण काढून शिकवतो. मामांनी लिहिलेला प्रत्येक दोन खरा होता, आणि प्रत्येक एकसुद्धा. पुस्तकातला ‘मध्यम’ हा शब्द तेवढा मी वाचला होता, त्याच्या खालचं वाक्य वाचलं नव्हतं.

मूळ कागद माझ्या कपाटात होता. पण त्यावर माझ्या लाल पेनाच्या एकोणीस खुणा होत्या. मी बाईंना उत्तर लिहिलं. ते पाठ आहे, कारण नंतर मी ते पुष्कळदा उघडून वाचलंय. ‘सदर निरीक्षक नवखे असून आमच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. त्यांच्याकडून गफलत झाली असावी. कृपया त्यांच्या नोंदी बाद कराव्यात.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तासाभरात बाईंचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, तुमच्यासारखे प्रामाणिक गटप्रमुख कमी असतात.

मामा रोज समोर होते. सकाळी कुलूप काढायचे, मला पाणी आणून द्यायचे. मी रोज ठरवायचो की आज सांगू. मग कुणीतरी यायचं, नाहीतर तास सुरू व्हायचा, नाहीतर मला वाटायचं की एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं, ते विसरलेसुद्धा असतील. खरं एवढंच होतं की मला त्यांच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. बीकर धुणाऱ्या माणसाला ‘तुमचं बरोबर होतं, मला येत नव्हतं’ असं सांगणं माझ्या जिभेवरच येईना. मनातल्या मनात मी ते वाक्य शंभर वेळा म्हटलं, पण तेही अंघोळ करताना.

मे महिन्यात मामा रिटायर झाले. निरोप समारंभात मी भाषण केलं आणि त्यांच्या नजरेचं कौतुक करण्याइतका निर्लज्जपणाही केला. नंतर चहाच्या वेळी मी विचारलं, “आता काय, मेंढरांमागं फिरायला मोकळे!”

मामा कपाकडे बघत म्हणाले, “मेंढरं देऊन टाकायचं ठरवलंय, सर. अकलूजकडं मेव्हणा हाय, त्यो न्हेतोय म्हंतोय.”

“का हो?”

“रोड वलांडाय लागतोय की रोज. हालत्या वस्तूचा अंदाज चुकतोय माजा, ह्ये तुमीच दावून दिलं. बरं झालं येळेवर कळलं. एकांदं मेंढरू गेलं तर गेलं, पर मागनं बायको आस्ती.”

माझ्या हातात बशी होती. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती, कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मेंढरं तेव्हा कुंभारीतच होती.

“तेही बरंच आहे,” मी म्हणालो. “या वयात दगदग नको.”

तेवढ्यात कुणीतरी फोटोला बोलावलं. त्या फोटोत मी मामांच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. नोव्हेंबरात बँकेतल्या बाईंचा फोन आला: यंदा मिथुनेच्या वेळी मामा येणार ना? मी म्हणालो, विचारतो. त्यांनी जरा थांबून विचारलं, “सर, त्या कागदाचं तुम्ही नंतर काही बोललात का त्यांच्याशी?” म्हणजे त्या रात्रीचं त्यांच्याही मनात राहिलं होतं. फोन ठेवल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून कुंभारीला गेलो.

मामा घराबाहेर बाजेवर बसले होते. दाढी वाढली होती. शेजारी मेंढरं कोंडायचं वाडगं होतं, त्यात आता तुराट्या रचून ठेवल्या होत्या. “सर आल्यात बग,” असं मामांनी आत सांगितलं आणि मामी चहाला लागल्या. दिवसभर काय करता असं विचारलं तर मामा म्हणाले, “बसून आस्तो. टीव्ही बगतो. संध्याकाळी देवळापतोर जातो, ह्याच बाजूच्या. पल्याडच्या न्हाय जात.”

मी चहा यायच्याही आधी बोलून टाकलं. “मामा, तुमचे आकडे बरोबर होते. मागच्या वर्षाचे. माझं चुकलं होतं.”

त्यांना कळेना. मी हात पुढे करून बोटानं दाखवलं की उल्का समोरून आली तर कशी दिसते आणि आडवी गेली तर कशी. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. गाडीचं उदाहरण दिल्यावर ते चटकन म्हणाले, “व्हय की. समोरचा ट्रक बी आसाच दिस्तोय, लई येळ हालतच न्हाय. म्हंजी दोनच हुतं?”

“दोनच होतं.”

“आन् एक म्हनलो त्ये?”

“तेही एकच होतं.”

मामा रस्त्याच्या दिशेनं बघत राहिले. मग आत वळून मोठ्यानं म्हणाले, “आगं ऐकलीस का? डोळं चांगलं हायत माजं. सर म्हंत्यात.”

मामी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी मामांकडे बघितलं, मग वाडग्याकडे बघितलं, आणि कप माझ्यापुढे ठेवला.

लाल पेनाचं मी सांगितलं नाही. पुण्याला पाठवलेल्या पत्राचंही नाही. माझं चुकलं, एवढ्यात सगळं बसवलं. मामा अजून विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता, सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “ह्ये तुमाला कवा कळलं, सर?”

बाकी सगळ्याची तयारी मी येताना गाडीत केली होती. ते रागावले तर काय म्हणायचं, मामी बोलल्या तर काय म्हणायचं. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फेब्रुवारी म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात तयार होता. फेब्रुवारीत मेंढरं होती, मार्चमध्ये होती, मेमध्ये कप हातात धरून मामांनी मला सांगितलं तेव्हाही होती.

“परवा,” मी म्हणालो.

मामांचा चेहरा उजळला. “लगीच आलासा की,” ते म्हणाले, आणि मामींना म्हणाले, “परवा कळलं आन् आज आल्यात बग. एवढ्यासाठी गाडी काढून दुसरा कोन आला आस्ता?”

मग ते मला उठूच देईनात, जेवूनच जावा म्हणाले. मामींनी भाकरी थापायला घेतली. मी जेवलो आणि निघालो.